बाहेरचा आचारी चालणार नाही

उज्वलाच्या ॲपचं नाव ‘कुलूप’. पोरं अभ्यासाला बसली की आईबापांनी ते लावायचं; मग फोनवर खेळ नाही की व्हिडिओ नाही. नाशिकमधल्या पुष्कळ घरांत ते पोचलं होतं. आईबाप तिला दुवा देत होते, पोरं काय देत होती ते न विचारलेलं बरं. मग फोनवाल्या कंपनीनं स्वतःचंच तसलं कुलूप फोनमध्ये घातलं आणि थोड्याच दिवसांत उज्वलाचं ॲप त्यांच्या ॲप-स्टोअरवरून काढून टाकलं. कारण दिलं, मुलांची सुरक्षितता. इतकी वर्षं मुलं सुखरूप होती, ती नेमकी कंपनीचं कुलूप आल्यावर धोक्यात आली.

उज्वला चिडली ती चिडलीच. स्पर्धा आयोगाकडे तक्रार करायची तिनं ठरवलं आणि ॲप वापरणाऱ्यांचे सहीनिशी जबाब गोळा करायला घेतले. तिचं ऑफिस म्हणजे वडिलांच्या लॉन्समधली मागची खोली. मखमलाबाद रोडला खंडेरावांचं हे लग्नाचं लॉन्स जोरात चालायचं, आणि उज्वलाच्या ॲपचा सगळा खर्चही त्याच्याच जिवावर चालायचा.

जबाब द्यायला वत्सलाबाई आपण होऊन आल्या. चुलीवरच्या पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे करावेत तर त्यांनीच. लग्नात मांडे म्हटलं की आसपासच्या गावांत दुसरं नाव कुणाच्या तोंडी येत नसे. त्यांचा नातू ‘कुलूप’मुळे दहावी पास झाला होता. त्यांनी सही केली, आणि उठता उठता एक गोष्ट मागितली.

“माझ्या भाचीचं लगीन तुमच्याकडंच हाय. तिचे मांडे मला करू दे म्हनावं बापाला.”

मागणी साधीच होती. आड येत होती ती फाटकावरची पाटी. पूर्वी लोक आपापले आचारी आणत, वत्सलाबाईंचंही खापर इथं कितीदा तापलं होतं. पण खंडेरावांनी स्वतःचं स्वयंपाकघर बांधलं, धनराज नावाचा आचारी ठेवला, आणि बाहेरचा आचारी चालणार नाही अशी पाटी लागली.

उज्वलानं विषय काढल्यावर खंडेराव शांतपणे म्हणाले, “उद्या कुणाला विषबाधा झाली तर नाव माझं जाईल. पाहुण्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.”

हा शब्द उज्वलाला आता पाठ झाला होता. बाबा, तुम्ही कंपनीसारखंच बोलताय, असं ती म्हणालीसुद्धा. खंडेराव चिडले नाहीत. त्यांचं म्हणणं, कंपनीच्या फोनवर दुकान एकच, तिथून हाकललं की माणूस संपला. इथं तर रस्त्याला ओळीनं लॉन्स आहेत, जावं की दुसरीकडं. उज्वलाला हे पटलं. खरं सांगायचं तर ते तिच्या सोयीचंही होतं.

तिनं वत्सलाबाईंना फोन करून तेच ऐकवलं. त्या हसल्या.

“कुठं जाऊ पोरी? समद्यांनी तीच पाटी लावलीय. तुमची बघूनच लावली.”

उज्वलाला लाज वाटली. तरी ती वडिलांकडे पुन्हा गेली नाही. आधी आपली तक्रार जाऊ दे, मग बघू, असं तिनं स्वतःला समजावलं. धनराजच्या स्वयंपाकघरावरच आपलं ऑफिस चालतं, हेही तिला ठाऊक होतं.

लग्नात मांडे धनराजनं केले. त्याची जिलेबी चांगली असायची, पण मांडे त्याच्या हातचं काम नव्हतं. ते जाड झाले, कडेला कच्चे राहिले. वयस्कर पाहुण्यांसाठी खाली पंगत मांडली होती, तिथं उज्वला तूप वाढत होती. वत्सलाबाई इतर बायकांसारख्याच पानावर बसल्या होत्या. नवऱ्यामुलाकडच्या आजीबाईंनी मांड्याचा तुकडा मोडला, चावला आणि शेजारी वळून म्हणाल्या, “वत्सला, सख्ख्या भाचीच्या लग्नात असे मांडे? हात गेला व्हय गं तुझा?”

मावशी घरात असताना मांडे दुसऱ्या कुणी केले असतील, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. चार माना वत्सलाबाईंकडे वळल्या. भाचीच्या मांडवात वाद नको म्हणून त्यांनी पानाकडे बघत एवढंच म्हटलं, “वय झालं आता.”

उज्वलाला ते सहन झालं नाही. तिनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

“आजी, हे मांडे मावशींचे नाहीत, आमच्या आचाऱ्याचे आहेत. मावशींना आम्ही फाटकातच अडवलं. त्यांनी केले तर आमचे कोण खाईल, म्हणून.”

पलीकडे पाहुण्यांशी बोलत उभे असलेले खंडेराव बोलता बोलता थांबले. त्यांच्याकडे बघायची उज्वलाला भीती वाटत होती, तरी तिनं बघितलं.