बटण दाबायची लाज

मित्रांनो, मी डोंगरातल्या हिंटरमोस गावाचं जुनं रेल्वे स्टेशन आहे. आहे म्हणजे, अजून पाडलेलं नाही, एवढंच.

बोगदा खणताना निघालेल्या दगडांतून माझ्या भिंती उभ्या राहिल्या. त्या काळी प्रत्येक गाडी माझ्यापाशी थांबायची. दुधाचे कॅन चढायचे, वासरं उतरायची, लष्करी सरावाला निघालेल्या पोरांना आया पाव-चीज बांधून द्यायच्या. गाडीला जराही उशीर झाला, की स्टेशनमास्तर आलोइस स्वतःच गुन्हा केल्यासारखा तोंड लपवायचा. "आपल्यासारखं स्टेशन अख्ख्या खोऱ्यात नाही," असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जात असे. तेव्हा मला अक्कल नव्हती.

आलोइस निवृत्त झाला, तिकिटाची खिडकी बंद झाली. मग फलाटावर एक खांब रोवून त्याला बटण बसवलं. ज्याला जायचं असेल त्याने ते दाबायचं, उतरायचं असेल त्याने डब्यातलं, तर गाडी थांबेल. नाहीतर ती सरळ निघून जाईल. रेल्वेच्या वरच्या कचेरीला हे अगदी सोपं वाटलं, कारण हिंटरमोसची माणसं तिला ठाऊक नव्हती. दुसऱ्याला त्रास द्यायचा म्हटलं की यांच्या अंगावर काटा येतो.

सेराफीना आजीचा धाकटा भाऊ बेनेडिक्ट खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात होता. त्याच्यासाठी आक्रोडाचा केक घेऊन ती दर बुधवारी यायची. दुसऱ्या कोणी बटण दाबलं, तर त्याच्या मागून हळूच चढायची, येतानाही तशीच उतरायची. एकटी असली, की हात कोटाच्या खिशात. गाडी धडधडत निघून जायची.

एकदा टपालवाल्या रेगुलाने तिला पाहिलं.

"अहो आजी, दाबा की! बटण चावतं का?"

"माझ्या एकटीसाठी? अगं, आत एवढी माणसं बसलीत. त्यांचा खोळंबा करू? लोक काय म्हणतील!"

"आणि बेनेडिक्टकाका वाट बघतायत त्याचं काय?"

"बघेल की. त्याला कुठे जायचंय!"

असं म्हणून ती केक घेऊन घरी गेली. आणि तिला शहाणपण शिकवणारी रेगुला आपल्या मोटारीत बसून निघून गेली. माझ्या गावाची ही तऱ्हा. निम्मे लाजून मागे राहिले, निम्मे मोटारीने गेले.

मग कचेरीचा निरोप आला: हिंटरमोसला कोणी बटणच दाबत नाही, तेव्हा थांबा बंद. गाव खवळलं. गावसभेत भाषणं झाली, डोळे पुसले गेले, स्टेशन वाचवा म्हणून सगळे हात वर झाले. एवढे हात! त्यातलं एखादं बोट वेळेवर बटणाला लागलं असतं, तर सभेची गरजच पडली नसती. सभेने काही झालं नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी, थांब्याच्या शेवटच्या दिवशी, मला निरोप द्यायला सगळं गाव लोटलं. मोटारी लावायला जागा पुरेना. बँड वाजला, सॉसेज भाजले, फोटोसाठी बटणापुढे रांग लागली. गाडी थांबली. गार्ड खाली उतरून हरखला.

"बापरे, एवढी माणसं! चढणार किती?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात सेराफीना आजी पुढे आली.

"मी येते. आज सगळ्यांनी मिळून दाबलंय, आज चालेल."

खूप दिवसांनी बहीण दिसली म्हणून बेनेडिक्टने तिला रात्री सोडलंच नाही. ती रविवारी परत निघाली. माझा थांबा वगळलेलं नवं वेळापत्रक त्याच सकाळी सुरू झालं होतं. गाडी वळणावर आली तेव्हा ती मला दाराच्या काचेआड दिसली. तिने डब्यातल्या माणसांकडे एकदा ओशाळून पाहिलं आणि दाराजवळचं बटण दाबलं. जन्मात पहिल्यांदा, स्वतःसाठी. मग पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

गाडीचा वेगसुद्धा कमी झाला नाही.

पुढच्या गावी उतरून ती बर्फातून पायी घरी आली. मोटार मागवून कोणाला त्रास द्यायचा नव्हता ना!

मित्रांनो, जे तुमचं आहे त्याला हक्काने त्रास द्या. माझं कौतुक मात्र आता करू नका. ते ऐकून मला चीड येते.