उजव्या पानावरची ओळ

मी एक जुनी मेणाची पाटी आहे. खरे तर मेण आता उरलेले नाही, उरल्या आहेत दोन लाकडी फळ्या. एका शांत दालनात, काचेच्या पेटीत मी पडून असते. दुपारी खिडकीतून उन्हाचा पट्टा सरकत सरकत माझ्यापर्यंत येतो आणि मला गुंगी येते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी पाघळायची खोड तर मेण गेल्यावरही गेली नाही. त्या गुंगीत जुनी अक्षरे वर येतात, तरंगतात, एकमेकांत मिसळतात. म्हणून मित्रांनो, माझ्या सांगण्यात एखादे वर्ष इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

परवा माझ्या लाकडावरच्या पुसट ओरखड्यांवरून माझ्यासमोर दोन अभ्यासकांची चांगलीच जुंपली होती. एक म्हणत होते, ही पाटी स्टोइक तत्त्वज्ञांची. दुसऱ्या बाई म्हणत होत्या, छे, ही पहिल्या ख्रिस्ती मंडळींची. मला दोघांचीही गंमत वाटली, पण मला तोंड कुठे आहे?

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्याने दोन फळ्यांना मधोमध उथळ खळगे कोरले, काजळी घातलेले गरम मेण त्यांत ओतले आणि फळ्या चामडी दोरीने जोडल्या. उघडली की दोन पाने, मिटली की वही. सोबत काशाची लेखणी होती. तिचे एक टोक लिहायला अणकुचीदार, दुसरे पुसायला उलथन्यासारखे चपटे. लिहायचे, वाचायचे, पुसायचे, एवढाच आमचा संसार. मोठी नखरेल होते मी तेव्हा! दुकानात कोणी बोट लावले तरी ठसा उमटायचा आणि मला राग यायचा.

मला एका वैद्याने विकत घेतले. तो ओसरीवाला होता. ज्यांना तुम्ही स्टोइक म्हणता त्यांना आमच्या गल्लीत ओसरीवाले म्हणत, कारण त्यांचा पहिला गुरू खांबांच्या ओसरीत बसून शिकवायचा. वैद्याच्या घराला ओसरी नव्हती, एक अरुंद जिना आणि औषधांच्या वासाची खोली तेवढी होती. पण नाव पडले ते पडले. त्यांचे सांगणे साधे होते. साऱ्या जगाला एक विवेक आतून धरून आहे. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. हातातल्या नीट करायच्या, बाकीच्यांसाठी जीव जाळायचा नाही.

रोज दिवेलागणीला वैद्य मला मांडीवर घ्यायचा. डाव्या पानावर, दिवसभरात जिथे घसरलो ते. उजव्या पानावर, जिथे सावरलो ते. ‘फुटक्या वाटीपायी मोलकरणीवर ओरडलो.’ हे डावीकडे. ‘कोळ्याने तोंडावर खोटारडा म्हटले, तरी त्याचे गळू फोडून दिले.’ हे उजवीकडे. दोन्ही पाने तो मोठ्याने वाचायचा आणि मग चपट्या टोकाने मला गुळगुळीत करायचा. त्या हाताला घाई नसायची. मला त्या वेळी कोणी थोपटून झोपवत असल्यासारखे वाटायचे.

त्याला एकच मुलगी होती. आई लवकर गेली. वैद्य तिला चिऊ म्हणायचा. तिने पहिली अक्षरे माझ्यावरच गिरवली. इतकी दाबून लिहायची की लेखणी लाकडाला टेकायची! पुढे तिचे लग्न झाले. नवरा गलबतावर, वर्षातून दोन महिने घरी. म्हणून ती आपल्या बाळाला घेऊन वडिलांकडेच राहायची. बाळ दोन वर्षांचे होते. ते मला उताणे पाडून माझ्यावर बसायचे, आणि वैद्य म्हणायचा, “बस बस, पाटीवर बसलास तर विद्या खालून तरी चढेल.”

मग गावात तापाची साथ आली. त्या तापात बाळ गेले.

वैद्याने चार दिवस होते नव्हते ते सगळे करून पाहिले होते. पाचव्या दिवशी दारात शेजारी जमले, तेव्हा तो ताठ उभा होता. तो म्हणाला, “ते आपलं नव्हतंच. ज्याचं होतं त्याच्याकडे गेलं.” लोक म्हणाले, काय हा धीर! आणि खोटे कशाला सांगू, त्या धीरानेच तो त्याच दुपारी उठून पलीकडच्या गल्लीत गेला आणि कोळ्याच्या मुलीला त्याने वाचवले. त्याचा हात कापत असता तर ती पोर वाचली नसती.

त्या संध्याकाळी त्याने उजव्या पानावर लिहिले, ‘आज डोळ्यांतून टिपूस काढले नाही.’ आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो मला न पुसता झोपला.

सकाळी चिऊने मला उघडले. ती ओळ तिने दोनदा वाचली.

“बाबा, हे उजव्या पानावर?”

“चिऊ, धीर धरणं सोपं नसतं गं.”

“माझं बाळ गेलं. आणि तुम्हाला स्वतःला शाबासकी द्यायला सुचलं?”

तिने चार कपडे गाठोड्यात बांधले आणि ती विणकर मावशीच्या घरी निघून गेली. मावशी म्हणजे तिच्या आईची मैत्रीण. त्या घरी खाली माग होते, आणि वरच्या खोलीत आठवड्याच्या पहिल्या दिवशी नव्या श्रद्धेची माणसे जमत. त्यांना तुम्ही ख्रिस्ती म्हणता.

मित्रांनो, पुढचे काही आठवडे माझे फार वाईट गेले. वैद्य संध्याकाळी मला उघडायचा, लेखणीचे चपटे टोक त्या ओळीपर्यंत न्यायचा आणि परत घ्यायचा. ओळ चुकीची आहे असे त्याला वाटत नव्हते. बरोबर आहे असेही वाटेनासे झाले होते. घरात तो एकटाच. खलबत्त्यात काही कुटताना मध्येच हात थांबायचा आणि तो जिन्याकडे बघत राहायचा.

एका सकाळी त्याने मला औषधांच्या पिशवीत टाकले आणि तो मावशीच्या घरी गेला. मुलीला परत आणायचे, एवढेच त्याच्या मनात होते. वरच्या खोलीत माणसे दाटीने बसली होती. सावकाराची बायको आणि तिचीच दासी एका चटईवर होत्या. एक म्हातारा रंगारी, ज्याचे हात कोपरापर्यंत निळे होते, तो वाचून दाखवत होता. जग घडवणारा एक शब्द आहे. त्याच्यापुढे धनी आणि गुलाम सारखेच. रोज आपले मन तपासून पाहावे.

वैद्याला राहवले नाही. “अहो, हे तर आमचंच आहे! तुम्ही शब्द म्हणता, आम्ही विवेक म्हणतो.”

रंगारी हसला. “असेल की. पण वैद्यबुवा, आमचा तो शब्द माणूस होऊन आला. त्याला भूक लागली, तो दमला. मित्र गेला तेव्हा थडग्यापाशी उभा राहून तो रडला.”

“आणि त्याच मित्राला त्याने पुन्हा उठवलं, असं तुम्ही म्हणता ना? मग उठवणारच होता, तर रडला कशाला?”

रंगाऱ्याने नुसती दाढी खाजवली. कोपऱ्यात सूत उकलत बसलेली चिऊ मान वर न करता म्हणाली, “कारण मित्राच्या बहिणी रडत होत्या, बाबा.”

वैद्य तसाच जिना उतरून घरी आला. ज्या कामासाठी गेला होता ते विचारायचे राहूनच गेले.

पुढे साथ पुन्हा उलटली आणि मावशीच आजारी पडली. वरच्या खोलीतली माणसे पळाली नाहीत, हे त्यांचे मोठेपण. आळीपाळीने तिच्या उशाशी बसली, प्रार्थना करत राहिली, रडत राहिली. पण ताप चढत गेला तसे कोणाला काही सुधरेना. शेवटी चिऊनेच वैद्याला बोलावणे धाडले. तो आला तेव्हा तिच्या हातातला पाण्याचा वाडगा डचमळत होता.

“चिऊ, इकडे बघ. आत्ता आपल्या हातात काय आहे?”

तिने ओठ चावला. “पाणी. फडकं. मावशीचा श्वास मोजणं.”

“मग तेवढंच कर. बाकीचं तुझं नाही.”

तिने लहानपणी माझ्यावर गिरवलेलेच शब्द होते ते. तिचा हात हळूहळू स्थिरावला. दोन दिवस बापलेक त्या खाटेच्या दोन बाजूंना होते, आणि कामापुरतेच बोलत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीला घाम फुटला, ताप उतरला, आणि डोळे उघडताच ती म्हणाली, “मागावरचं कापड कुणी बिघडवलं नाही ना?” सगळे हसत रडले.

वैद्य बाहेर जिन्यावर जाऊन बसला. ऊन थेट पायऱ्यांवर आले होते. थोड्या वेळाने चिऊ येऊन त्याच्या शेजारी बसली. त्याने पिशवीतून मला काढले आणि मांडीवर उघडले.

“ही ओळ डावीकडे लिहायची का गं? इतके दिवस झाले, मला ठरवताच येत नाही.”

“राहू दे ती ओळ, बाबा. तुम्ही त्याच्याबद्दल काहीतरी बोला ना. त्या दिवसापासून तुम्ही त्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही.”

वैद्याने लेखणी पायरीवर ठेवली. मग त्याने नाव घेतले. म्हणाला, “त्याला खलबत्त्याचा आवाज आवडायचा. मी थांबलो की तो ‘अजून’ म्हणायचा. औषध कुटून झालं तरी मी रिकामाच खल कुटत बसायचो, चिऊ. रिकामाच.” आणि त्याला रडू फुटले.

माझ्यावर पाणी पडले. मेणावर पाणी ठरत नाही, ते ओघळून पायरीवर गेले. उन्हाने मी मऊ झाले होते. दोघांचे हात माझ्यावर होते. बोलता बोलता, कोणाच्या तरी हाताखाली ती ओळ दबून नाहीशी झाली. ती कोणी पुसली नाही, आणि नंतर कोणी शोधलीही नाही. त्या दुपारइतकी गाढ गुंगी मला पुन्हा कधी आली नाही.

चिऊ घरी परतली. वैद्य वरच्या खोलीत जाऊ लागला, पण त्यांच्या दीक्षेची पाण्यातली बुडी घेऊन त्यांच्यातला झाला मात्र नाही. रंगाऱ्याशी त्याचे वाद रंगायचे. “तुमचं अर्धं आमच्याकडून उचललेलं आहे,” असे वैद्य म्हणायचा. “मग उरलेलं अर्धं तुम्ही उचला की!” रंगारी म्हणायचा. असे करता करता वैद्य म्हातारा झाला, आणि एका हिवाळ्यात गेला.

त्याच्यामागे चिऊने मला वरच्या खोलीत नेले. दोन पानांवर दिवस लिहून पाहायची रीत तिने सगळ्यांना शिकवली. शेवटी ती माणसे क्षमेची प्रार्थना जोडायची, एवढाच फरक. ही रीत त्यांना इतकी आवडली की शेजारच्या गावच्या मंडळींना पत्राने कळवायचे ठरले. चिऊ पत्राचा मसुदा माझ्यावर लिहू लागली. रंगारी जवळच बसला होता.

तो म्हणाला, “पोरी, ही रीत आपल्याच एखाद्या साधुपुरुषाची आहे असं लिही. ओसरीवाल्याचं नाव वाचलं तर तिथले काही लोक पत्रच फेकून देतील. नावात काय आहे? रीत पोचली म्हणजे झालं.”

माणूस वाईट नव्हता. त्याला रीत जगायला हवी होती, आणि त्याची भीती खरीच होती. चिऊची लेखणी माझ्यावर टेकून कितीतरी वेळ थांबली. मी श्वास रोखला, म्हणजे मेणाला जेवढा रोखता येतो तेवढा. मग तिने लिहिले, ‘हे मला माझ्या वडिलांनी शिकवले. ते वैद्य होते, ओसरीवाले होते. ते आपल्यातले नव्हते.’

“अगं, पण...”

“काका, त्यांनी मला धीर धरायला शिकवलं, आणि तुम्ही सगळ्यांनी रडायला. यातलं एक लपवून दुसरं कसं सांगू?”

ते पत्र काही ठिकाणी खरोखरच फेकले गेले. काही ठिकाणी ते टिकले. माझे मात्र दिवस भरत आले. मेण सुकले, तडकले, आणि पुढच्या कित्येक पिढ्या मी कुठल्याशा पेटीच्या तळाशी पडून राहिले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. लाकूड आज ना उद्या किडायचेच. पण तुम्ही खूप जणांकडून खूप काही शिकाल, आणि शिकवणारा प्रत्येक जण तुमच्या घरचा, तुमच्या श्रद्धेचा असेलच असे नाही. त्याची शिकवण घेतलीत तर त्याचे नाव घ्यायला कचरू नका. चिऊने ते लिहिले तेव्हा तिचे डोळे भरून वाहत होते, आणि हात जराही कापत नव्हता.