फरशीखालचा जोड

गळतीवाला दारात उभा राहिला तशा आजी त्याच्यावरच खेकसल्या, "तीन दिवस लागतात होय यायला?" त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आज शुक्रवार होता आणि सोमवारी आजींना वृद्धाश्रमात नेऊन सोडायचं ठरलं होतं.

कारण काय, तर आजी गादी ओली करतात.

आठ महिने हे चाललं होतं. कंबरेमुळे आजी जमिनीवर गादी घालून झोपायच्या. पहाटे पाठीखाली ओल लागून जाग यायची, आणि ती ओल असायची कोमट. कोमट म्हटल्यावर घरात निकाल लागायला कितीसा वेळ लागतो? मुलाने डॉक्टर गाठला. डॉक्टरने लघवी आवरायच्या गोळ्या दिल्या, त्यांनी आजींच्या तोंडाला दिवसभर कोरड पडू लागली. सुनेने गादीवर रबरी चादर घातली. तरीही गादी ओली झाली, तेव्हा सून म्हणाली, चादर सरकली असेल. लहान मुलाशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाली, त्याचाच आजींना जास्त संताप आला.

आजींनी चाळीस वर्षं लाँड्री चालवली होती. कुठला डाग कशाचा, हे त्या नुसत्या वासावरून सांगत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गादी उलटी करून सगळ्यांसमोर मांडली होती. "नीट बघा. ओल खालून वर आलीय, वरून खाली नाही. वाळल्यावर कडेला पिवळं वर्तुळ उमटलंय का? वास येतोय का?" पण वास घ्यायला कुणी नाक खाली केलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, माझ्या फरशीखालून थेंब वर येणार नाही."

त्याची फरशी! मुलगा फरशीचा ठेकेदार. निम्म्या शहराच्या घरांत त्याच्या हातची फरशी. दोन वर्षांपूर्वी त्याने हे घर उकरून नवे पाइप घातले, वर फरशी बसवली आणि येईल त्याला खाली वाकून ती बघायला लावली. गादीचं प्रकरण सुरू झाल्यावर त्याने आपल्याच हाताखालचा एक प्लंबर आणला. त्याने सगळे नळ उघडले, बंद केले, चहा घेतला आणि काही गळत नाही म्हणून सांगून गेला. मालकाच्या घरात तो आणखी काय सांगणार?

शेवटी आजींनीच समोरच्या घरातल्या बाईंकडून ह्या गळतीवाल्याचा नंबर मिळवला. जमिनीखालची गळती शोधणं एवढं एकच काम करणारा माणूस. मुलाला न विचारता फोन केला.

गळतीवाल्याने फारशी बडबड केली नाही. थंड पाण्याच्या लाइनमध्ये हवा भरली, दाब दाखवणारा काटा जागच्या जागी राहिला. मग गरम पाण्याची लाइन घेतली. काटा सावकाश खाली घसरायला लागला, म्हणजे हवा कुठूनतरी निसटत होती. तो आजींकडे वळला.

"आजी, ओल कोमट असते का?"

"असते."

"कधी?"

"पहाटे. पाच-साडेपाचला."

"त्या वेळी गीझर कोण लावतं?"

"मुलगा. आंघोळीला."

त्याने नुसती मान हलवली. आठ महिन्यांत आजींना सगळ्यांनी सांगितलं होतं, विचारलं कुणीच नव्हतं. त्यांना रडू येणार असं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

सुनेने गुपचूप नवऱ्याला फोन केला असणार, कारण अर्ध्या तासात तो सिमेंटने भरलेल्या बुटांनिशी खोलीत शिरला. "माझ्या घरात मला न विचारता हातोडा कुणी आणला?"

गळतीवाला गीझर लावून, गरम लाइनमध्ये पुन्हा पाणी सोडून, कानाला हेडफोन लावून जमिनीवर रांगत होता. हातातलं यंत्र फरशीवर टेकवायचं, ऐकायचं, पुढे सरकायचं. त्याने मान वर न करता सांगितलं, "साहेब, दोन मिनिटं गप्प बसा. ऐकू येत नाहीये."

ठेकेदाराला घरात गप्प बसा म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. तो खरंच गप्प बसला.

गळतीवाल्याने भिंतीजवळ खडूने फुली मारली. "आवाज इथे जास्त आहे. पण लादीखाली तो पसरतो, त्यामुळे नेमकं सांगता येत नाही. इथून सुरुवात करू. पाच-सहा फरश्या जातील." आणि त्याने छिन्नी टेकवली.

"तिथे नको!" मुलगा ओरडला. "दीड फूट अलीकडे घ्या. ह्या एका फरशीखाली. बाकीच्या उगाच कशाला फोडता, हा माल आता बाजारात मिळत नाही."

गळतीवाल्याने छिन्नी उचलून दीड फूट अलीकडे ठेवली आणि शांतपणे विचारलं, "इथे काय आहे?"

फरशी वाचवायच्या नादात आपण काय बोलून बसलो, हे मुलाच्या लक्षात आलं होतं. आजींच्याही आलं होतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकच फरशी फुटली. खालचं काँक्रीट निघालं, तशी कोमट वाफ आली आणि बरोबर मधोमध पाइपाचा जोड दिसला. त्यातून पाणी झिरपत होतं.

"जमिनीखाली पाइप अखंड टाकतात," गळतीवाला म्हणाला. "हे तुम्हाला मी सांगायला नको."

"पाइप हातभर कमी पडला," मुलगा पुटपुटला. "दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीची माणसं येऊन उभी राहणार होती. म्हटलं, एक जोड काय होतोय."

सून दारातच उभी होती. "तुम्हाला माहीत होतं?"

"जोड आहे, हे माहीत होतं. गळतोय, हे माहीत नव्हतं."

"मनात आलं होतं की नाही?" आजींनी विचारलं.

त्याने खाली बघितलं. खोटं तरी बोलायचं होतंस मेल्या, असं आजींना वाटून गेलं.

"मनात आलं होतं," आजींनीच उत्तर दिलं. "पण फरशी फोडायची म्हणजे लोकांना कळणार. त्यापेक्षा आईला फोडलेलं बरं. अरे, रोज उठल्यावर मी आधी स्वतःला चाचपून बघायचे. संध्याकाळनंतर घोटभर पाणी प्यायचं सोडलं. मला, लाँड्रीवालीला, दिसत होतं की हे पाणी आहे. आणि तरी दोन महिन्यांपूर्वी मी तुझंच खरं धरलं. वाटलं, माझं नाकच गेलंय."

सून रडायला लागली. आजी तिला म्हणाल्या, "नंतर रड. आधी त्या माणसाला चहा दे."

मुलाने खिशातून फोन काढला. "आई, मी आश्रमात कळवतो. सोमवारी येत नाही म्हणून."

"काय सांगशील?"

"सांगतो, घरच्यांचा विचार बदलला."

"घरच्यांनी विचार केलाच कुठे होता? सांग, पाइप गळत होता, आई नाही. आणि मोठ्याने सांग, मला ऐकू येईल असं."

त्याने सांगितलं. पहिल्यांदा पुटपुटला. आजी बघत राहिल्या, तसं पुन्हा सांगितलं. गळतीवाला छिन्नी पुसत होता. त्याच्यासमोर, बायकोसमोर, त्या फुटलेल्या फरशीसमोर मुलाला ते म्हणावं लागलं. फोनवर आश्रमातल्या बाईंनी काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतायत, मग ती खोली दुसऱ्यांना देऊ का," मुलगा म्हणाला. "एक आजी थांबल्यात म्हणे यादीत."

आजींनी हात पुढे केला आणि फोन स्वतःच्या कानाला लावला.

"हो, द्या," त्या म्हणाल्या. "पण तिला घरच्यांनी कशासाठी काढलंय, ते तिला विचारलंत का? नसेल तर आधी विचारा. मुलाला नाही. तिला."