कमरेइतकं पाणी

मोतीरामनं काठी आठव्यांदा डोहात खुपसली, वर काढली आणि ओल्या खुणेवर बोट ठेवलं. कमरेइतकं. सकाळपासून कमरेइतकंच. तरी तो वाकून असा बघत होता, जणू पाण्यानं काठीला फितवलं होतं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं त्या साली मोतीराम विहिरीत पडला. वडनेर भोलजीत या दोन्ही गोष्टी अजून एका दमात सांगतात. तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेव्हापासून तो लोट्यातलं पाणीही काडी घालून मोजतो अन् मगच पितो, अशी गावात बोलवा. हे साफ खोटं. काडी तो फक्त घागरीत घालत असे.

त्याची बायको मंजुळाबाई कोरडं धोतर घेऊन काठावर बसली होती. गेल्या वर्षी याच डोहात तिचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी तीही घोर लावून घ्यायची. ढग आले तरी घोर, नाही आले तरी घोर. आता ती दळता दळता गायची. मोतीरामला गाणं नको होतं. गाण्याआधी ती जो निवांत श्वास घेई, तो हवा होता. प्रार्थनेला तो नेमानं बसे, येशूवर त्याचा जीव जडला होता. अडत होतं ते पाण्यापाशी. आजवर दोनदा तो बाप्तिस्म्याच्या ऐन वेळी पळाला होता. दुसऱ्यांदा तर धोतर डोहातच राहिलं आणि मोतीराम नांदुऱ्याच्या वाटेला लागला. पाद्रीबाबा उत्तमराव बुलढाण्याहून बैलगाडीनं वर्षातून एकदाच येत, आणि डोह महिनाभरात आटणार होता.

"काऊन बे मोत्या," खालच्या अंगाला म्हैस धुणारा रहेमतुल्ला पिंजारी ओरडला, "आज धोतर घट्ट बांधलं ना?"

"तू म्हैस धू!"

"म्हैस तं केव्हाचीच उतरली बे पान्यात!"

उत्तमराव डोहात उभे होते. "काठी ठेवा, मोतीराम. दोन्ही हात लागतीन."

त्यानं काठी मंजुळाबाईकडे दिली. परत घेतली. परत दिली.

"अवो, द्या ना जी. मी नाही पळत काठी घेऊन."

गार चिखल बोटांत शिरला. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला, मग कमरेला. उत्तमरावांनी त्याचा हात धरला आणि मोतीरामच्या अंगभर थरथर पसरली. त्यानं दात आवळले. थरथर थांबेना. मग त्याच्या लक्षात आलं की थरथरणारा हात आपला नाही.

"पाद्रीबाबा?"

"हळू बोला," उत्तमराव पुटपुटले. "मले पोहता येत नाही."

"आन् इतक्या लोकायले तुमी..."

"दर खेपेले असंच होते. गाडी जुंपली की मांगं फिरावं वाटते. रस्ताभर प्रभूले म्हनतो, येवढ्या खेपेले दुसरा कोनी पाठव."

"मंग?"

"तो मलेच पाठवते. अन् उतरलो की संगं उभा असते. काठावर बसून नाही समजत ते."

मोतीरामनं मागं पाहिलं. पळायला वाट मोकळी होती. पण हात सोडला तर हा माणूस इथं एकटा उभा राहील. त्यानं पाय चिखलात आणखी रोवले.

"धरा मले घट्ट. पडू नाही देत तुमाले. घ्या देवाचं नाव अन् बुडवा मले."

पाण्याखाली विहीर नव्हती. हिरवा उजेड होता, दूरवर म्हशीचे चार पाय होते आणि कुठंही जायची घाई नव्हती. मंजुळाबाई सांगते, तो इतका वेळ खाली होता की रहेमतुल्लाची म्हैस धुऊन वाळलीसुद्धा. वर आला तो हसतच. नाकातोंडातून पाणी गळतंय आणि हसू काही थांबत नाही. ते बघून उत्तमरावही हसू लागले. दोघं एकमेकांचे दंड धरून काठाकडे निघाले.

"कोन कोनाले भाईर काढून राह्यलं बे?" रहेमतुल्लानं विचारलं.



दुपार कलली तशी गाडी जुंपली. पुढचं गाव तीन कोसांवर, तिथंही चार जण वाट पाहत होते. मोतीराम ओल्या धोतरानिशीच गाडीत चढला.

"तुमी कुठं निंगाले?" मंजुळाबाई धावत आली.

"तिथला डोह गळ्याइतका हाय म्हनतेत."

"अन् काठी? काठी राह्यली ना!"

"वालाच्या येलाले लाव."

उत्तमरावांनी सरकून त्याला जागा करून दिली.