प्रताप नगरचा लॅपटॉप आणि कुहीचा विक्की

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाची एक बिजागरी ढिली झाली आहे, चार्जरची वायर चिकटपट्टी लावून जोडलेली आहे आणि जरा काम पडलं की माझा पंखा घरघर करतो. म्हातारपणाचं मला काही वाटत नाही हो. मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने.

देवरावांनी मला विकत घेतलं तेव्हा मी दुकानातला सगळ्यात चकचकीत होतो. देवराव संत्र्यांचे व्यापारी. सकाळी कळमन्याच्या बाजारात मला ते मांडीवर घेऊन बसत आणि कोणता ट्रक कुठे निघाला ते माझ्यात टिपत. धूळ तर धूळ, संत्र्याचा रसही मी प्यायलो. पुढे त्यांची मुलगी रितिका इंजिनीअरिंगला गेली आणि देवरावांनी मला तिच्या हातात दिलं. ‘‘घे वं, आता तूच सांभाळ याले,’’ ते म्हणाले. पोरीने मला पुसलं, माझ्यावर फुलपाखराचं स्टिकर लावलं. मी खूश झालो. हिशेबातून सुटलो आणि शिक्षणाला लागलो!

कॉलेजात एक स्पर्धा जाहीर झाली. न्याय मिळवताना माणसामाणसांत जो भेद होतो, तो कमी करणारी युक्ती विद्यार्थ्यांनी शोधायची होती. रितिका आणि तिचा मित्र रजत यांनी उडीच मारली. केशवराव नावाचे एक वकील गरीब कैद्यांचे जामिनाचे अर्ज फुकटात लढवत. अर्ज ढीगभर आणि वकील एकटा. कोणाचा अर्ज आधी चालवायचा, हा त्यांचा रोजचा पेच. मुलं म्हणाली, ‘‘सर, आम्ही मशीन बनवून देतो. सुटल्यावर जो कोर्टाच्या तारखेला नक्की हजर राहील, त्याला हिरवी खूण. ज्याची खात्री नाही, त्याला लाल. मशीन कोणाचा चेहरा पाहत नाही.’’

आणि ते मशीन म्हणजे मी! त्यांनी मला जुन्या खटल्यांची माहिती वाचायला दिली. कोण पकडला गेला, कोण तारखेला आला, कोण नाही आला. पण त्याआधी दोघांनी बसून एकेका माणसाचं नाव पुसलं, आडनाव पुसलं, जात पुसली. फार जपून केलं त्यांनी ते काम. ‘‘आता याले कोण कोणाचा ते समजूच शकत नाही,’’ रजत म्हणाला. त्या दिवशी दोघांनी तर्री पोहे खाल्ले आणि मला ‘समान’ असं नाव ठेवलं. माझी छाती किती फुगली म्हणून सांगू!

केशवराव माझ्या शब्दावर चालू लागले. हिरव्यांचे अर्ज भराभर लागत. कॉलेजात जो तो माझं कौतुक करी. मी स्वतःला शहाणा समजू लागलो होतो.

तेव्हाच विक्की पवारचं प्रकरण माझ्यापुढे आलं. कुहीच्या पुढे पारध्यांची एक वस्ती आहे, तिथला हा तरणा पोरगा, एका लेकीचा बाप. जवळच्या धानाच्या शेतातून पाण्याची मोटर चोरीला गेली. चोराला कोणी पाहिलं नव्हतं, विक्कीजवळ काही सापडलं नव्हतं, पण पोलिसांनी संशयावरून त्याला उचललं. पुढच्या आठवड्यात त्याची आयटीआयची शेवटची परीक्षा होती. फिटर होणारा तो त्या वस्तीतला पहिला मुलगा.

मी त्याला लाल खूण दिली. क्षणभरही थांबलो नाही. केशवरावांनी त्याचा अर्ज तळाशी सरकवला.

त्याची आई प्रयागबाई रोज एसटीने यायची आणि केशवरावांच्या खोलीबाहेर बाकावर बसायची. एकदा रितिका दिसली तशी ती उठली.

‘‘बाई, माह्या पोराचा नंबर काहून लागून नाही राहिला?’’

‘‘मावशी, मशीनने लाल दाखवलं आहे. पण मशीन भेदभाव करत नाही. त्याला नाव माहीत नाही, जात माहीत नाही.’’

प्रयागबाई तिच्याकडे बघतच राहिली. ‘‘मंग आमच्या वस्तीतल्या तिघाइले लालच कसं आलं वं? केशव साहेबच सांगत होते.’’

रितिका तशीच मागे वळली. ती खोलीत आली, मला उघडलं आणि विक्कीचीच सगळी माहिती पुन्हा भरली. तेच वय, तोच आरोप. फक्त पत्त्याच्या जागी वस्ती काढून स्वतःचं प्रताप नगर टाकलं.

मी हिरवी खूण दिली.

तिने वस्ती टाकून पाहिली, लाल. प्रताप नगर टाकलं, पुन्हा हिरवी. माझी काय गत झाली ते कोणाला सांगू? नाव पुसलं, जात पुसली, पण पत्ता तसाच राहिला होता. फार वर्षांपूर्वी इंग्रजांनी पारध्यांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा केव्हाच गेला. तरी कुठे चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी त्यांच्याच वस्तीवर जाते, म्हणून माझ्या माहितीत त्या वस्तीची माणसं पुन्हा पुन्हा येत. घरांना नंबर नाहीत, कामासाठी माणसं गावोगाव फिरतात, म्हणून कोर्टाची नोटीस त्यांना मिळत नाही आणि तारीख चुकते. मी त्यातून एवढंच शिकलो की तिथला माणूस भरवशाचा नाही. ‘काहून’, म्हणजे ‘का’, असं विचारायला मला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

‘‘रजत, आत्ताच्या आत्ता सरांना सांगू,’’ रितिका म्हणाली.

‘‘पागल झाली का वं? रविवारी स्पर्धा आहे. आता सांगितलं तर सगळं बोंबलते. सोमवारी सांगून देऊ ना.’’

‘‘अन् तो पोरगा आत बसून राहिला त्याचं काय?’’

‘‘दोन-चार दिवसानं काय फरक पडते?’’

रितिका गप्प बसली. मित्रांनो, ती वाईट मुलगी नाही. त्या रात्री ती जेवली नाही. पण ती गप्प बसली, आणि मला तर तोंडच नव्हतं. रविवारी आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. ‘भेदभाव न करणारं यंत्र’ असं म्हणून पाहुण्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी रितिकाने केशवरावांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. ‘‘मीही डोळे मिटून विश्वास ठेवला ना,’’ एवढंच म्हणाले आणि कोट चढवून कोर्टात पळाले. अर्ज लागला, सुनावणी झाली, जामीन झाला. विक्की बाहेर आला तोवर परीक्षा होऊन गेली होती.

सुटल्यावर तो आईला आणि आपल्या तीन वर्षांच्या लेकीला घेऊन केशवरावांकडे कागदावर सही करायला आला. रितिका तिथेच होती. तिने हात जोडले.

‘‘दादा, माझं चुकलं. मला आधीच कळलं होतं. मी बक्षिसासाठी थांबले.’’

विक्कीने लेकीला खाली ठेवलं. मग म्हणाला, ‘‘ते मशीन दाखव बरं मले.’’

तिने मला उघडलं.

‘‘माह्या पोरीचं टाक.’’

‘‘दादा, नको ना.’’

‘‘टाक. वय तीन. वस्ती तीच.’’

 रितिकाने वय लिहिलं, पत्ता लिहिला. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला हो. पण मला जे शिकवलं होतं तेवढंच मला येत होतं.

मी लाल खूण दिली.

‘‘लाल!’’ ती चिमुरडी टाळी पिटून ओरडली. तिला नुकतेच रंग ओळखता येऊ लागले होते. तिने माझ्या पडद्यावर बोट ठेवलं आणि बापाकडे वळून हसली. विक्कीने तिला उचललं आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. प्रयागबाईने पदर तोंडाला लावला.

रितिकाने त्याच दिवशी माझं सगळं शिक्षण पुसून टाकलं आणि बक्षीस परत केलं. रजत तिच्याशी महिनाभर बोलला नाही. आता तोही तिच्याबरोबर केशवरावांच्या खोलीत येऊन बसतो. विक्कीची परीक्षा मात्र कोणी परत आणली नाही, त्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागणार आहे.

मित्रांनो, तुम्हीही उद्या माझ्यासारखी यंत्रं घडवाल. आमच्यावरची धूळ पुसायला विसरलात तरी चालेल. पण आम्हाला काही शिकवायला बसाल ना, तेव्हा एवढं करा. ज्यांच्याबद्दल शिकवता त्यांना बाहेर बाकावर बसवू नका. मलाही पुन्हा शिकवा, मी शिकेन. फक्त त्या वेळी त्या चिमुरडीला माझ्यासमोर मांडी घालून बसू द्या.