न्हाणीकडची निळी भिंत

मी भिंत बोलतेय. हळूच बोलते, हल्ली मला माझ्याच आवाजाची धास्ती वाटते.

तेर गावात हैदरभाईंचं घर आहे. त्यांच्या वडिलांनी पांढरी माती तुडवून, तिच्यात भुसा कालवून मला उभं केलं. माझ्या अलीकडं निजायची खोली, पलीकडं न्हाणी. त्यामुळं ओल जन्मापासूनच माझ्या नशिबी. पण अंगावर चुना असायचा. त्यातून ती बाहेर यायची, वाळून जायची. ईद जवळ आली की नसीमबी, म्हणजे हैदरभाईंच्या बीबी, नवा चुना द्यायच्या. त्याआधी मला बोटांनी ठोकून बघायच्या. 'ठक' वाजलं तर ठीक. 'भद्द' वाजलं की तिथली पोकळ माती काढून नवी भरायच्या. मला फार बरं वाटायचं.

मग लेकीची, बेगमबीची, सोयरीक ठरली. निजाम गेला तरी व्याही वजीरभाईंची काळी शेरवानी गेली नव्हती. ती घालून ते मला टेकून बसले. उठले, तर सगळी पाठ पांढरी!

"अवो मामू, गिरणीतनं उठून आलाव काय?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. हैदरभाई तेवढे हसले नाहीत.

बेगमबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हटल्यावर त्यांनी बेत मांडला. "औंदा चुना न्हाय. ऑइलपेंट. निळा. सोलापूरहून डबे आणतो. बाळंतिणीच्या चाळिसाव्या दिवसाच्या न्हाणाला व्याही येतील, खुशाल टेकू द्या."

"आधी न्हाणीची मोरी बांधा," नसीमबी म्हणाल्या. "पानी भितीत मुरतंय."

"मोरी पाव्हण्याला दिसती व्हय? भित दिसती."

त्या पांढऱ्या पाठीची लाज नसीमबींनाही होतीच. मोरी तशीच राहिली. मग खाटेची जागा ठरली, माझ्याच कडेला. इथं बाळंतिणीला वारं लागत नाही.

रंग वाळला आणि माझा श्वास कोंडला.

बाळ आलं. मुलगा. तेव्हापासून पलीकडं हंडेच्या हंडे कढत पाणी ओतलं जातंय. आईची माया ती, हात आखडता कसा घेईल? सगळं पाणी माझ्यात उतरतं. बाहेर पडायला वाट नाही. रंगाला फुगे आलेत. बेगमबीनं एक दाबला, तर बोट आत गेलं. ती दचकली. मीही.

"अम्मी, भित मऊ लागती."

"हात लावू नगं गं, डाग पडतील," म्हणत नसीमबींनी मला फडक्यानं पुसलं. ठोकलं मात्र नाही.

आज चाळिसावा. वजीरभाई आले, नातवाला मांडीवर घेऊन मला टेकले. उठल्यावर मान वळवून पाठ बघितली. स्वच्छ! "वा हैदरभाई, लई झकास!" हैदरभाई आज पोटभर हसले. वजीरभाई टेकले तेव्हा माझ्या आत काहीतरी सरकलं होतं. कुणालाच ऐकू आलं नाही.

आता पाव्हणे अंगणात गेलेत. बाळ खाटेवर एकटंच झोपलंय. पलीकडं बेगमबी न्हाणाला बसलीय, नसीमबींनी मोठा हंडा उचलल्याचा आवाज येतोय.

नसीमबी, तो ओतायच्या आधी एकदा इकडं या. रंगाला डाग पडू द्या. मला ठोकून बघा.