तांड्याच्या बैलांनी आणलेलं इंजिन

दौलतसिंग वाशिमात उतरला तेव्हा त्याच्याजवळ सुताराची हत्यारं होती आणि पंजाबी वळणाची हिंदी होती. गुजरानवाल्याजवळची त्याची आरागिरणी फाळणीच्या दंगलीत जळून गेली होती. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात काही काळ काढून तो काम शोधत वऱ्हाडात आला. बैलगाड्यांची चाकं आणि दाराच्या चौकटी करता करता त्याची बोली निम्मी वऱ्हाडी झाली. लोक त्याला सरदारजी म्हणू लागले.

मग हिंगोलीकडून नवी रेल्वेलाइन येणार असं नक्की झालं. रुळांखाली आडवे टाकायला सागाचे सिलीपाट लागणार होते, आणि तेही ढीगभर. हातकरवतीनं ते काम उरकणारं नव्हतं. कारंज्यात कापसाचं एक जिनिंग बंद पडलं होतं, त्याचं चाकांवरचं वाफेचं इंजिन आवारात गंजत उभं होतं. आरागिरणी चालवायला दौलतसिंगनं साठवलेलं सगळं देऊन ते घेतलं. पण वाशिमपर्यंत न्यायचं कसं? रस्ता कच्चा, नाल्यांवर पूल नाहीत. एकही ट्रकवाला तयार होईना.

तेव्हा तो बैल मागायला पोहरादेवीजवळच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर गेला. तांड्याचा नायक गोविंदसिंग. त्याच्याकडचे बैल साऱ्या मुलखात नावाजलेले होते.

“रेल्वेच्या कामाले?” गोविंदसिंगनं हातातली चिलीम खाली ठेवली. “माह्या आज्याचे बैल मीठ घेऊन दर्यापासून इथवर येत. रेल्वे आली आन् आमचा धंदाच बुडाला. आता तिच्यासाठीच बैल जुपू?”

दौलतसिंगला राग आला नाही. माणसाचं काय हरवलं आहे ते त्याला लगेच समजलं.

“नायक, माझं तर गावच गेलं,” तो म्हणाला. “मले मजूर नको, भागीदार पायजे. जंगलातून लाकूड आणणं तुमचं, चिरणं माझं. कमाई निम्मी निम्मी.”

गोविंदसिंगची मुलगी हिरीबाई बैलांना चारा टाकत होती. तिनं तिथूनच विचारलं, “बापू, काहून नाही म्हणून राह्यले? रेल्वे त येनारच. तिच्या कामात आपला वाटा असू द्या ना.”

म्हातारा उठला आणि बैलांच्या मानेवर हात फिरवत म्हणाला, “सकाळी निघू.”

कारंज्याहून निघताना सारं गाव बघायला लोटलं. इंजिनाला साखळ्या बांधल्या होत्या, पुढं बैलजोड्यांची लांब रांग. मंगरूळपीर ओलांडलं तोवर सगळं ठीक चाललं. पुढच्या नाल्यात मात्र काळ्या मातीनं चाकं गिळली आणि इंजिन एका अंगावर कललं. काठावर जमलेली माणसं म्हणू लागली, “सोडा हो सरदारजी, हे आता इथंच राह्यते.”

दौलतसिंग कमरेइतक्या चिखलात उतरला. त्यानं चाकं चाचपून पाहिली आणि एकदम हसला. “आधी ह्याच्याच खाली सिलीपाट टाकू!”

तांड्याच्या माणसांनी काठावरच्या बाभळी तोडल्या. दौलतसिंगनं ओंडके तासून चाकांपुढं एकाला एक लागून आडवे बसवले. उन्हं उतरेपर्यंत नाल्यातून वर चढणारी वाटच तयार झाली. हिरीबाई पुढच्या जोडीच्या कासऱ्याला धरून उभी राहिली. बापानं हाक दिली, “जय सेवालाल!” दौलतसिंग ओरडला, “वाहेगुरू!” बैल गुडघ्यांवर आले, साखळ्या करकरल्या, आणि इंजिन हळूहळू, हलत-डुलत काठावर आलं. मघाशी ‘सोडा’ म्हणणारेच आता मागून ढकलत होते.

वाशिमात गिरणीची शिट्टी पहिल्यांदा वाजली तेव्हा बाजार थांबला. मानोऱ्याच्या जंगलातून तांड्याच्या गाड्या साग आणू लागल्या. रेल्वेच्या साहेबानं सिलीपाटांची पहिली रास ठोकून, उलटीपालटी करून पाहिली. तो वाकायचा आणि गोविंदसिंग श्वास रोखायचा. सगळी रास पास झाली. तांड्यातली जी माणसं दर हिवाळ्यात काम शोधायला परमुलखात जात, ती त्या वर्षी घरीच राहिली.

लाइन पुरी झाली. फुलांच्या माळा घातलेली गाडी स्टेशनात शिरली, तेव्हा आरशांच्या ओढण्या घेतलेल्या तांड्यातल्या बाया फलाटावर नाचत होत्या. दौलतसिंगचे डोळे भरून आले होते. ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. गोविंदसिंग मात्र वाकून रुळांखाली बघत होता. डब्यांचा भार आला तरी एकही सिलीपाट हलला नव्हता.

“हे तुम्हीच दिलेत ना?” स्टेशनमास्तरांनी विचारलं. “फलाटासाठी बाकंही हवी आहेत. जमेल?”

दौलतसिंग तोंड उघडणार तोच म्हातारा पागोटं सावरत पुढं झाला.

“जमते,” तो म्हणाला. “कवा पायजेत, बोला.”